भूमध्य समुद्राकाठी अकरा रात्री
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात झालेले भाषण)



येत्या एप्रिल महिन्यात मंडळाच्या वीस-बावीस सभासदांनी मिळून भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर सहलीस जावे, असे कार्यकारी समितीने योजिले आहे, व तिची आखणी कशी असावी याविषयी आम्ही बोलावे अशी आज्ञा झाली आहे. आम्ही जन्मभर शाळेत भूगोल शिकविला आणि हा किनारा एकदा सपत्नीक पाहिला, एवढाच आमचा अधिकार. एके काळी समुद्र ओलांडणाऱ्यास ज्ञातीबाहेर टाकीत. महात्मा गांधी १८८८ साली विलायतेस निघाले तेव्हा त्यांच्या ज्ञातीने मुंबईत सभा भरवून त्यांस बहिष्कृत केले होते. आज ज्ञातीच्याच व्यासपीठावरून समुद्रपर्यटनाचा बेत सांगण्याचे काम आमच्याकडे यावे, हा काळाचा विनोदच म्हणावयाचा.

समितीपुढे एका प्रवासी कंपनीचे पत्रक आले आहे. बारा दिवसांत सात देश, असा त्यातील कार्यक्रम आहे. पहाटे सहाला पेट्या दाराबाहेर, दिवसभर मोटारीत बैठक आणि रात्री नवे गाव! नावे दिलेल्या मंडळींपैकी बहुतेकांनी साठी ओलांडली आहे, कित्येकांनी निवृत्तीच्या पुंजीतून रक्कम बाजूस काढली आहे, आणि असा प्रवास पुन्हा घडण्याचा संभव फारसा नाही. तेव्हा सात देशांची धूळ डोळ्यांत घालून घेण्यापेक्षा एकच किनारा निवडावा, असे आम्ही आग्रहाने सुचवितो. फ्रान्समधील मार्सेलपासून इटलीतील लेवांतोपर्यंतचा पट्टा पाचशे किलोमीटरांच्या आत आहे, व त्यातील बराचसा लोहमार्ग समुद्राच्या कडेने जातो. मार्सेल दोन रात्री, नीस चार, जिनोआ दोन आणि लेवांतो तीन, अशा अकरा रात्रींत केवळ तीन वेळा बिऱ्हाड हलवावे लागते. परतताना लेवांतोहून आगगाडीने मिलान गाठावे व तेथून विमान धरावे.

एप्रिलच का, हेही सांगितले पाहिजे. आपल्याकडे पाऊस उन्हाळ्यानंतर येतो. तेथे उन्हाळा कोरडा असतो आणि पाऊस शरदात व हिवाळ्यात पडतो. ऑगस्टात उकाडा आणि माणसांची दाटी. ऑक्टोबरअखेर हवा सुखद वाटते खरी, परंतु त्याच सुमारास आभाळ फाटते. २५ ऑक्टोबर २०११ रोजी वेर्नाझ्झा आणि मोन्तेरोस्सो या गावांतील गल्ल्या डोंगरावरून आलेल्या चिखल-दगडांनी भरून गेल्या व माणसे दगावली. एप्रिलमध्ये नीसला दिवसा सतरा-अठरा अंश उष्णता असते. एक लोकरी बंडी पुरते. समुद्रस्नानाचा मोह मात्र धरू नये, पाणी फार गार असते. इटलीत २५ एप्रिल आणि १ मे हे राष्ट्रीय सुट्टीचे दिवस असल्याने त्यांच्या आतच परतावे.

मार्सेल हे एके काळी मुंबईकरांचे युरोपात शिरण्याचे द्वार होते. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाल्यावर लंडनला जाणारे पुष्कळ प्रवासी जिब्राल्टरचा वळसा टाळण्यासाठी येथेच बोट सोडून आगगाडी धरीत. याच बंदरात ८ जुलै १९१० रोजी मोरिया बोटीच्या गवाक्षातून स्वातंत्र्यवीर सावरकरांनी समुद्रात उडी टाकली. ते पोहून धक्क्यास लागले, परंतु फ्रेंच शिपायाने त्यांस धरून पुन्हा बोटीवर दिले. पुढे १९११ साली हेगच्या लवादाने निकाल ब्रिटिशांच्या बाजूने दिला. तो धक्का पुस्तकात वाचणे निराळे आणि वारा अंगावर घेत ते पाणी पाहणे निराळे. आमच्या सौभाग्यवती तेथे बराच वेळ बोलल्या नाहीत.

विशेष हा की, याच सावरकरांनी लंडनात असताना जोसेफ मॅझिनीच्या लेखनाचे मराठी भाषांतर केले व ते १९०७ साली प्रसिद्ध झाले. आणि तो मॅझिनी याच किनाऱ्यावरील जिनोआ शहरात १८०५ साली जन्मला. त्याचे जन्मघर आज संग्रहालय आहे व त्याची समाधी शहराबाहेरील स्टाल्येनो दफनभूमीत आहे. त्याचा साथी गॅरिबाल्डी १८०७ साली नीसचा. नीस १८६० साली फ्रान्सकडे गेले. जिनोआस दोन रात्री ठेवण्याचे कारण हे. एरवी पत्रकवाले तेथे जेवणापुरतेही थांबत नाहीत.

नीस येथे चार रात्री सुचविल्या याचे कारण गुडघे. समुद्राकाठचा लांबलचक रस्ता अगदी सपाट आहे आणि बसावयास खुर्च्या मांडलेल्या असतात. किनारा वाळूचा नसून गोट्यांचा आहे. पायांत वहाण हवीच. भरती-ओहोटी जवळजवळ नाही, हे आपल्या कोकणच्या मंडळींस मोठे नवल वाटेल. तेथून आगगाडीने मोनॅको आणि लिंबांसाठी प्रसिद्ध असलेले माँतों पाहून संध्याकाळी परत येता येते. पुढे व्हेंतिमिल्या येथे फ्रेंच गाडी सोडून इटालियन गाडी धरावयाची. तेथे खिसेकापूंपासून सावध असावे.

लेवांतो हे सखल गाव. येथे बिऱ्हाड ठेवून पलीकडची पाच गावे पाहावीत. त्यांस चिंक्वे तेर्रे म्हणतात. गाडीने गावातून गावात जावयास मोजकी मिनिटे लागतात. कड्यावर चिकटलेली घरे सर्वांनी चित्रांत पाहिलीच आहेत. परंतु आम्हांस भुरळ पडली ती घरांमागील डोंगराची. चुना-मातीवाचून केवळ दगडावर दगड रचून शेकडो वर्षे बांधलेले बांध, त्यांवर द्राक्षांचे मळे. कोकणात ज्यास गडगा म्हणतात तोच प्रकार. बांध सांभाळणारी माणसे डोंगर सोडून गेली की बांध ढासळतात आणि डोंगर खाली येतो. १९९७ साली हा प्रदेश जागतिक वारशात गणला गेला. कोर्निल्या गाव उंचावर आहे. स्थानकापासून ३८२ पायऱ्या आहेत, त्यांच्या वाटेस कोणी जाऊ नये, लहान बस वर जाते. रिओमाज्जोरे ते मानारोला ही कड्याकडेची पाऊलवाट २०१२ साली दरड कोसळल्याने बंद पडली व २०२४ साली पुन्हा सुरू झाली. तिचे तिकीट आधी वेळ ठरवून घ्यावे लागते.

आता आहाराचा प्रश्न. नीसला ‘सोक्का’ आणि जिनोआस ‘फारिनाता’ नावाचा पदार्थ मिळतो. हरभऱ्याचे पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचे तेल. बेसनाचे धिरडेच ते, फक्त भट्टीत भाजलेले. शाकाहारी माणसाने निर्धास्त खावे. तुळशीच्याच कुळातील पानांची ‘पेस्तो’ चटणी रुचकर, परंतु तीतील चीज वासराच्या जठरातील द्रव्याने बनविलेले असते, हे कडक शाकाहारींनी ध्यानात ठेवावे. नीसच्या कांद्याच्या पोळीवर बारीक मासे असतात. दुधाचे व मांसाचे पदार्थ बाहेरून नेण्यास युरोपात मनाई आहे. तेव्हा पेढे, बर्फी आणि तूप घरीच ठेवावे.

येथे थोडे स्पष्ट बोलतो. आमच्या सहलींत पुरुष समुद्र पाहतात आणि बायका खोलीत विजेच्या शेगडीवर खिचडी लावतात. मग त्या बिचाऱ्यांनी स्वयंपाकघर तेवढे बदलले, सुट्टी कसली? या सहलीत ज्यास खिचडी हवी त्याने ती स्वतः करावी, असा नियमच समितीने करावा. (हशा.) हसण्यावारी नेऊ नये. दुसरे असे की, अर्जाच्या नमुन्यात ‘श्री. व सौ.’ एवढाच रकाना आहे. ज्या भगिनींचे यजमान निवर्तले, ज्यांनी एकटीने मुले शिकविली, त्यांनी नाव कोठे लिहावे? एकट्या माणसास खोलीचे अधिक भाडे पडते ही अडचण खरी. परंतु दोघी-दोघींस एक खोली दिली की ती उरत नाही. आमच्या माहितीच्या चौघींनी विचारणा केली आणि अर्ज पाहून गप्प बसल्या. समितीने रकाना बदलल्याखेरीज नावे निश्चित करू नयेत, अशी आमची विनंती आहे.

राहिले कागदपत्र. फ्रान्समध्ये सहा रात्री व इटलीत पाच, म्हणून परवान्याचा अर्ज फ्रान्सकडे करावयाचा. तो प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो; शुल्क नव्वद युरो, शिवाय निदान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. परतल्यानंतरही पारपत्राची मुदत किमान तीन महिने उरली पाहिजे. ज्यांची मुदत संपत आली असेल त्यांनी आजच चिटणिसांकडे नाव द्यावे; सभेनंतर ते व्यासपीठापाशीच बसणार आहेत.