फळीला फळी जोडताना
शहापूर-मुरबाडच्या रानात साग आपसूक उगवतो. पण रुंद फळी निघेल असा जुना सोट आता सहज हाती लागत नाही. अरुंद, पातळ फळ्या मात्र मिळतात. त्या कडेला कड लावून चिकटवल्या की मांडणीला हवी तेवढी रुंदी मिळते. पूर्वी सुतार त्यासाठी सरस तापवत. १९५९ साली फेविकॉल आला आणि ते काम सोपं झालं.

सागात तेल असतं, म्हणून जुन्या कडेवर गोंद नीट धरत नाही. कडांवर ताजा रंधा मारा आणि लगेच चिकटवा. त्याआधी दोन्ही कडा जुळवून उजेडाकडे धरा. मधून उजेड आला तर पुन्हा रंधा! घाई नडते ती इथेच. मग शिकंज्यात आवळा. सांध्यावर गोंदाचे बारीक थेंब सलग दिसले की थांबा. फार आवळलं तर गोंदच बाहेर पडतो. २४ तास त्या फळीवर भार नको.

आपल्याकडच्या पावसात लाकूड रुंदीत फुगतं आणि साधा पांढरा गोंद ओलीत सुटतो. मोरीजवळच्या फळीला पाण्यात टिकणाराच गोंद घ्या, आणि हे काम होळीच्या आसपास, कोरड्या हवेत उरकून घ्या.