तबकडी घ्यावी की परवाना?



आज पिकाचं बोलायचं नाही, खताचं नाही, आरोग्याचंही नाही. आज खेळाचं बोलायचं आहे. खेळ म्हणजे कबड्डी नव्हे, खो-खो नव्हे. टीव्हीच्या पडद्यावर पोरं खेळतात तो व्हिडिओ गेम. तुमच्यापैकी कोणी हसेल. म्हणेल, यांना आता हे काय सुचलं! पण हा विषय आम्ही आणलेला नाही. आमच्या वर्गातल्या एका बाईंनी आणला.

या बाईंच्या घरी दोन म्हशी आहेत. दूध डेअरीला जातं. थोरला मुलगा पुण्याला कारखान्यात, धाकटा अकरावीत. थोरल्यानं दोन वर्षं पैसे साठवले, खेळाचं मशीन घेतलं आणि दिवाळीला घरी आणून ठेवलं. पण मशीन म्हणजे नुसती चक्की. दळण वेगळं आणावं लागतं. प्रत्येक खेळ निराळा विकत घ्यायचा. त्यात नवा, मोठा खेळ पाच हजारांच्या घरात जातो. म्हशीचं दूध पन्नास रुपये लिटर धरलं, तर पाच हजार म्हणजे शंभर लिटर दूध झालं!

धाकटा म्हणाला, "आई, दुकानात जायला नको. इथंच बटण दाबलं की खेळ घरात येतो."

बाई वर्गात आल्या आणि आम्हालाच विचारू लागल्या, "गुरुजी, पाच हजार मोजल्यावर हातात काय येणार? पोरगा म्हणतो, हातात काही येत नाही, मशीनमधी येतं. असं कसं?"

खरं सांगतो, आम्हाला तेव्हा उत्तर देता आलं नाही. मग आम्ही चार जाणत्यांना विचारलं, वाचलं. ते आज तुम्हाला सांगतो.

खेळ दोन रीतींनी मिळतो. पहिली रीत तबकडीची. पोरं तिला डिस्क म्हणतात, कोणी सीडी म्हणतात. पूर्वी लग्नघरी ग्रामोफोनवर गाण्याची तबकडी वाजायची, ती आठवा. ही तिच्याहून लहान, चकचकीत, तळहाताएवढी. मशीनच्या खाचेत घातली की खेळ मशीनमध्ये उतरतो. पुढे खेळतानाही ती खाचेत असावी लागते. काढली की खेळ बंद.

१९९० नंतर गावोगाव टीव्हीला जोडायचे स्वस्त खेळ आले होते. मारिओ, कॉन्ट्रा ही नावं आपल्या पोरांच्या तोंडी होती. त्याची प्लॅस्टिकची कॅसेट असायची. चालली नाही की पोरं तिच्यात फुंकर मारायची आणि पुन्हा खुपसायची. एक कॅसेट चार घरं फिरायची. तबकडी ही त्याच जातीची. द्यावी, घ्यावी, विकावी, बदलावी.

दुसरी रीत नुसत्या डाउनलोडची. कंपनीचे मोठे संगणक दूर कुठं तरी असतात. पैसे भरले की तिथून खेळ इंटरनेटच्या वाटेनं आपल्या मशीनमध्ये येतो. डबी नाही, तबकडी नाही. तो आपल्या खात्यावर चढतो. खातं म्हणजे आपलं नाव, ईमेल आणि पासवर्ड.

आता बाईंच्या प्रश्नाकडे वळू. हातात काय येतं?

पैसे भरायच्या आधी पडद्यावर बारीक अक्षरांत मजकूर येतो. पोरं तो वाचत नाहीत. बाईंनी मुलाला तो मोठ्यानं वाचायला लावला. सगळं इंग्रजीत. एका शब्दापाशी त्या थांबल्या.

"लायसन म्हणजे? बंदुकीचं असतं तसं?"

मुलगा म्हणाला, "तसंच म्हण."

मंडळी, त्या बाईंनी नेमकं बोट ठेवलं. डाउनलोडच्या खेळाचे पैसे आपण भरतो ते बहुधा परवान्याचे असतात. खेळ कंपनीचा, आपल्याला खेळायची परवानगी. खंडानं जमीन कसणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. नांगर त्याचा, घाम त्याचा, सातबारा दुसऱ्याचा. खंडाच्या कागदावर निदान मुदत तरी लिहिलेली असते. इथं किती वर्षं, हे बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं.

हे आम्ही मनचं सांगत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया नावाचं राज्य आहे. तिथं २०२४ साली कायदा झाला आणि १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. नुसता परवाना देत असाल, तर तसं गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा, त्याशिवाय "विकत घ्या" हा शब्द वापरायचा नाही, असा तो कायदा. संगणकावरच्या खेळांचं 'स्टीम' नावाचं मोठं दुकान आहे, २००३ सालापासूनचं. त्यानं २०२४ च्या ऑक्टोबरातच पैसे भरायच्या जागी लिहून टाकलं, की तुम्हाला मिळतो तो परवाना.

परवाना गेला म्हणजे काय होतं, तेही ऐका. युबिसॉफ्ट नावाची फ्रान्सची कंपनी आहे. तिनं २०१४ साली 'द क्रू' हा मोटारी पळवायचा खेळ काढला. तो चालायला कंपनीचा संगणक सतत जोडलेला लागे. ३१ मार्च २०२४ ला कंपनीनं तो संगणक बंद केला आणि खेळ बसला. पैसे भरलेल्या सगळ्यांचाच बसला. लोक चिडले. त्याच वर्षी, विकलेले खेळ असे मारू नका म्हणून चळवळ उभी राहिली. २०२५ च्या जुलैत युरोपात या मागणीवर दहा लाखांच्या वर सह्या झाल्या. खेळासाठी दहा लाख सह्या! आपल्याकडं रस्त्यासाठी शंभर गोळा करताना दमछाक होते.

आता यातली मेख पाहा. 'द क्रू'ची तबकडी घेतलेलेही लोक होते. त्यांची तबकडी कपाटात शाबूत आहे, पण खेळ चालत नाही. म्हणजे तबकडी घेतली की निश्चिंत झालो, असंही समजू नका. जो खेळ एकट्यानं, इंटरनेटशिवाय खेळता येतो, त्याच्याच तबकडीला खरी किंमत. दहा गावच्या दहा पोरांनी इंटरनेटवर जमून खेळायचा खेळ असेल, तर त्याचा जीव कंपनीच्या हाती. तबकडी असो वा नसो.

आणखी एक फसगत आहे. काही डब्यांत तबकडी नसतेच. आत एक कागद, त्यावर आकड्या-अक्षरांचा कोड. एकदा वापरला की संपला. असला डबा जुन्या बाजारात घ्याल तर रिकामा डबा घ्याल. निन्टेंडो ही जपानची कंपनी. तिचं स्विच २ हे मशीन ५ जून २०२५ ला आलं. त्याच्या काही खेळांच्या कार्डात खेळ नसतो, नुसती किल्ली असते. खेळ इंटरनेटवरून उतरवायचा आणि कार्डही लावून ठेवायचं. दोन्हीकडचा त्रास एका डबीत! डबीवर तसं छापलेलं असतं. छापलेलं वाचायचं.

मग डाउनलोड वाईटच का? नाही. त्याची बाजूही आहे आणि ती लहान नाही. तालुक्याला जायचा एक दिवस वाचतो, एसटीचं भाडं वाचतं. तबकडीला चरा पडतो, कोणी नेली तर परत येत नाही. डाउनलोडला चरा नाही. मशीन बिघडलं तर नव्या मशीनमध्ये त्याच खात्यातून खेळ पुन्हा उतरवता येतो. शिवाय त्या दुकानांत वर्षातून काही वेळा मोठी सूट लागते. जुने खेळ चौथाई किमतीला मिळतात, कधी त्याहून कमी. स्टीमवर तर खेळ पसंत पडला नाही आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर चौदा दिवसांत पैसे परत मागता येतात. पोलंडच्या 'गॉग' दुकानातून संगणकाच्या खेळाची फाइल उतरवून आपल्याजवळ कायमची ठेवता येते. तसं असेल तर तबकडीवाचून अडत नाही.

पण आपल्या गावचं इंटरनेट पाहा. मोठा खेळ शंभर जीबीचा असू शकतो. फोनवर दिवसाला दोन जीबी मिळत असतील आणि घरात दुसऱ्या कोणी फोनला हात लावला नाही, तरी पन्नास दिवस लागतील. तेवढ्यात मेथीचं एक पीक निघून दुसरं वीतभर वर येईल! ज्याच्या घरी तारेचं इंटरनेट आहे त्याला ही अडचण नाही. तबकडीवर बराचसा खेळ आधीच भरलेला असतो. मागाहून काढलेली दुरुस्ती तेवढी उतरवावी लागते. ती कधी लहान असते, कधी चांगलीच मोठी.

खात्याचंही एक सांगायचं आहे. आमच्याच घरची गोष्ट. आमच्या मुलानं नऊ खेळ घेतले होते, सगळे डाउनलोडचे. त्याचा जुना मोबाइल नंबर बंद पडला. पासवर्ड विसरला. दुकानानं विचारलं, खातं तुमचंच कशावरून? पावत्या त्याच ईमेलमध्ये, आणि त्या ईमेलचं कुलूप त्याच नंबरवर! महिनाभर लिहालिही झाली. शेवटी नऊ खेळ गेले ते गेलेच. चूक मुलाची होती, हे आम्ही कबूल करतो. पण कपाटातली तबकडी ओटीपी मागत नाही.

आणि वारसाचं काय? स्टीमचं खातं दुसऱ्याच्या नावावर होत नाही, असा तिथला नियम आहे. मृत्युपत्रात लिहिलं तरी होत नाही. बापाच्या तबकड्या मात्र पोरगा उचलतो, त्याला तलाठ्याकडे जावं लागत नाही.

खेळ दुसऱ्याला देण्याचा हक्क म्हणजे काय, यावर एकदा मोठी धमाल झाली. २०१३ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीनं एक्सबॉक्स वन हे नवं मशीन जाहीर केलं. चोवीस तासांतून एकदा ते इंटरनेटला जोडावं लागेल, आणि तबकडी दुसऱ्याला द्यायला, विकायला अटी राहतील, असं तिनं सांगितलं. लोक खवळले. सोनी या दुसऱ्या कंपनीनं काय करावं? एक छोटंसं चित्रण काढलं. आमच्या मशीनचा खेळ मित्राला कसा द्यावा, ते शिकवणारं. एक माणूस डबी पुढं करतो, दुसरा घेतो, थँक्यू म्हणतो. संपलं शिक्षण! १९ जून २०१३ ला मायक्रोसॉफ्टनं त्या अटी मागं घेतल्या.

पुढं सोनीनंच बिनखाचेचं मशीन काढलं, हा भाग निराळा. प्लेस्टेशन ५ आपल्या देशात २ फेब्रुवारी २०२१ ला विकायला आलं. खाचेचं ४९,९९० रुपयांना, बिनखाचेचं ३९,९९० ला. दहा हजार वाचतात म्हणून कित्येकांना बिनखाचेचं बरं वाटलं. आम्ही हिशेब मांडतो, तो पाहा. तबकडी पाच हजारांना घेतली आणि खेळून झाल्यावर तीन हजारांना विकली, तर खेळ दोन हजारांत पडला. असे चार खेळ झाले की बारा हजार परत आले. दहा हजार फिटून वर दोन उरले. वर्षाला एखादाच खेळ घेणार असाल, आणि तोही सूट पाहून, तर बिनखाचेचं परवडेल. पोरं हौशी असतील आणि तालुक्याला जुन्या तबकड्यांचं दुकान असेल, तर खाच हवी. आमचं मत विचाराल तर खाचेचंच घ्यावं. खाच असलेल्या मशीनला दोन्ही वाटा मोकळ्या राहतात. बिनखाचेच्या मशीनला एकच दुकान, आणि ते सांगेल तो भाव.

तेही दुकान कायम राहील, असं कोणी लिहून दिलेलं नाही. निन्टेंडोनं आपल्या थ्रीडीएस आणि वी यू या मशीनांचं इंटरनेटवरचं दुकान २७ मार्च २०२३ ला मिटलं. घेतलेले खेळ पुन्हा उतरवायची सोय ठेवली, पण नवा खेळ विकत मिळेना. एक्सबॉक्स ३६० चं दुकान २९ जुलै २०२४ ला मिटलं. अमेरिकेत खेळांचा इतिहास जपणारी एक संस्था आहे. तिनं २०२३ साली पाहणी केली. तिथं २०१० च्या आधी निघालेल्या शंभर खेळांपैकी सत्त्याऐंशी खेळ आज बाजारात विकत मिळत नाहीत, असं तिला आढळलं. ज्यांनी जुनी तबकडी किंवा कॅसेट जपली, त्यांच्याकडंच काय ते खेळ उरले.

तेव्हा तबकडी आणलीत तर जपा. पाठीवर बोटं लावू नका, कडेनं धरा. मऊ कोरड्या कापडानं मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल पुसू नका. उन्हात, चुलीजवळ ठेवू नका.

त्या बाईंच्या घरी काय झालं ते सांगतो. थोरल्यानं आणलेलं मशीन खाचेचंच निघालं. धाकट्याला हवा होता तो खेळ एकट्यानं खेळायचा, गोष्टीचा. इंटरनेट लागत नव्हतं. थोरल्यानं पुण्यात जुनी तबकडी पाहिली, डबी उघडून आत तबकडी आहे, चरा नाही, याची खात्री केली आणि अठराशेला घेतली. धाकट्याचा खेळ महिन्यात संपला. आता बाईंच्या बहिणीचा मुलगा ती तबकडी मागतो आहे, शेजारचा एक पोरगाही मागतो आहे.

परवा बाई वर्गाला आल्या तेव्हा त्यांच्याजवळ दोनशे पानी नवी वही होती. पहिल्या पानावर त्यांनी पट्टीनं रेघा मारल्या होत्या. तारीख, कोणाला दिली, परत कधी आली. पहिल्या ओळीत भाच्याचं नाव लिहिलं होतं, स्वतःच्या हातानं. 'परत'चा 'र' थोडा वाकडा झाला होता. तो त्यांनी खोडून पुन्हा लिहिला.