बालताऱ्यांचे क्ष-किरण
(जळकोट, जि. धाराशिव येथे शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांसमोर केलेले भाषण)



हिवाळ्याच्या रात्री जळकोटहून कृत्तिका व रोहिणी आपणांस सहज दिसतात. त्याच वृषभ राशीत, सुमारे ४५० प्रकाशवर्षे दूर असलेल्या वायू व धुळीच्या मेघांत तारे आजही जन्म घेत आहेत. अशा बालताऱ्याभोवती द्रव्याची तबकडी फिरत असते. ताऱ्याचे चुंबकीय क्षेत्र तीतील वायूस पृष्ठभागाकडे वळविते. सेकंदास काही शे किलोमीटर वेगाने तो आदळतो, तापमान लाखो अंशांवर जाते आणि क्ष-किरण बाहेर पडतात. ताऱ्यावरील चुंबकीय स्फोटांतूनही ते निघतात.

हे किरण तबकडीतील वायू हळूहळू उधळून लावतात. ग्रह घडण्यास किती अवधी मिळणार, हे बऱ्याच अंशी त्यावर अवलंबून असते. आपली पृथ्वीही अशाच तबकडीतून घडली.

वातावरण क्ष-किरण अडविते. म्हणून उपग्रह हवा. २८ सप्टेंबर २०१५ रोजी सोडलेल्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’वरील मृदू क्ष-किरण दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत साकारली. तिची निरीक्षणे कालांतराने सर्वांना खुली होतात. त्यांच्या अभ्यासास भौतिकशास्त्राचा व गणिताचा पक्का पाया लागतो. तो गावच्या शाळेतच घातला जातो आणि ते कार्य आपल्या हाती आहे.