वाढ खुंटलेली मुले आणि आपण पालक

(संस्थेच्या विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेच्या कार्यकर्त्यांनी आम्हां उभयतांना बोलावयास सांगितले, तेव्हा आम्ही प्रथम नकार दिला. आमच्यापैकी एक बँकेत काउंटरवर बसतो, दुसरी घरी शिलाईकाम करते. बी. ए.ला विषय इतिहास होता, शरीरशास्त्र नव्हे. परंतु मुलाच्या निमित्ताने जे काही आमच्या पदरात पडले, ते या हॉलमधल्या माणसांपासून आम्ही वर्षानुवर्षे लपवून ठेवले होते. ते का लपवले आणि त्याचे काय झाले, एवढे आज सांगावयाचे आहे.

आमचा मुलगा २०१४ साली तिसरीत होता. प्रार्थनेच्या रांगेत तो कायम पहिला उभा असे. हुशार म्हणून नव्हे, सर्वांत बुटका म्हणून. त्याच्या शाळेच्या पॅन्टी घरीच शिवलेल्या. वाढते मूल म्हणून खाली दोन इंच माया ठेवलेली. पहिलीत शिवलेली पॅन्ट तिसरीत गुडघ्यावर विरली, पण आखूड झाली नाही. माया उसवायची वेळच आली नाही. आम्हांला त्यात बचत दिसली! पैसा वाचला की त्याचे कारण माणूस विचारीत नाही.

खरी गोष्ट दाराच्या चौकटीने सांगितली. दर १४ एप्रिलला सकाळी नवे कपडे घालण्यापूर्वी त्याला चौकटीला पाठ लावून उभे करावयाचे आणि डोक्याशी पेन्सिलीने रेघ ओढावयाची, अशी आमच्या घरची पद्धत. २०१३ आणि २०१४ च्या रेघांत जेमतेम तीन सेंटिमीटरचे अंतर होते. शेजारच्या मुलाची रेघ त्याच चौकटीवर होती, ती सहा सेंटिमीटर वर सरकलेली.

मूल पहिल्या वर्षात साधारण २५ सेंटिमीटर वाढते, दुसऱ्या वर्षात १२ च्या आसपास. चौथ्या वर्षानंतर वयात येईपर्यंत दरसाल पाच-सहा सेंटिमीटर वाढ अपेक्षित असते. ती चारच्या खाली राहत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. ही माहिती आम्हांला मूल आठ वर्षांचे झाल्यावर मिळाली. तोपर्यंत आमचे सारे लक्ष परीक्षेच्या गुणांवर.

बुटके मूल म्हणजे आजारी मूल, असा अर्थ मात्र कोणी घेऊ नये. आईवडिलांची उंची मिळवून तिची निम्मी करावी. मुलगा असल्यास तीत साडेसहा सेंटिमीटर मिळवावे, मुलगी असल्यास तेवढे वजा करावे. मूल मोठेपणी साधारण त्या आसपास पोचते. काही मुले उशिरा वाढतात, त्यांच्या वडिलांनाही मिसरूड उशिराच फुटलेले असते. पोटाला पुरेसे नसणे, वरचेवरचा आजार, थायरॉइड, गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला होणारा सिलिॲक रोग, अशी कारणेही पुष्कळ. म्हणून एकदा मोजून भागत नाही, पुनःपुन्हा मोजावे लागते. भारतीय मुलांच्या वाढीचे तक्ते तयार करण्यात आपल्या पुण्यातील डॉ. वामन खाडिलकर आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांचा मोठा वाटा आहे. इंडियन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेले पाच ते अठरा वर्षांच्या मुलांचे तक्ते आज बालरोगतज्ज्ञ वापरतात. ज्या शहरात हे काम झाले, त्याच शहरात आम्ही पॅन्टीची माया पाहून खूश होत होतो.

तपासण्या झाल्या. रक्त, थायरॉइड, डाव्या मनगटाचा एक्स-रे. मनगटाच्या हाडांवरून हाडांचे वय काढतात. आमचा मुलगा आठ वर्षांचा, हाडे पाच वर्षांची. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. तिच्यातून वाढीचे संप्रेरक पुरेसे येत नव्हते. उपाय एकच, ते संप्रेरक रोज रात्री इंजेक्शनने देणे, आणि तेही अनेक वर्षे. १९८५ पर्यंत हे औषध मृत माणसांच्या ग्रंथींतून काढीत असत. त्यातून काही मुलांना मेंदूचा जीवघेणा रोग झाला, तेव्हा ते बंद पडले. त्याच वर्षी प्रयोगशाळेत जिवाणूंकडून तयार केलेले औषध अमेरिकेत मान्य झाले. त्याची मात्रा वजनावर ठरते. म्हणजे मूल वाढते तसा खर्चही वाढतो! महिन्याचा आकडा आमच्या घराच्या हप्त्याहून मोठा होता. विमा कंपनीने कळविले, रुग्ण दाखल झालेला नाही, सबब दावा नामंजूर. पतपेढीचे कर्ज काढले. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या कर्जाचे अर्ज तपासले, त्याने स्वतःचा अर्ज तीनदा चुकविला.

आणि वस्तीत कोणी विचारले, तर आम्ही सांगत असू की ॲलर्जीचे इंजेक्शन आहे. मुलालाही तसेच सांगावयास शिकविले.

दवाखान्यात दर गुरुवारी वाढीच्या तक्रारीची मुले बोलावीत. बाहेरच्या बाकावर तीन-तीन तास बसावे लागे. पहिले दोन महिने आम्ही त्या बाकावर वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसलो. बोलायला सुरुवात केली ती हडपसरच्या एका रिक्षावाल्या भाऊंनी. त्यांच्या मुलीला टर्नर सिंड्रोम. म्हणजे मुलींमध्ये जी दोन एक्स गुणसूत्रे असतात, त्यांपैकी एक नसते किंवा अपुरे असते. दोन-अडीच हजार मुलींत एखादीला हे असते. अशा मुलीची बुद्धी बहुधा इतर मुलींसारखीच असते, पण उंची खुंटते आणि हृदय व मूत्रपिंड तपासून घ्यावे लागते. भाऊ म्हणाले, "साहेब, पेपर उलटा धरलाय तुम्ही." त्या दिवसापासून आमचे बोलणे सुरू झाले.

घरी पहिले इंजेक्शन देताना आमचे दोघांचेही हात थरथरत होते. रात्री दहा वाजता भाऊंना फोन लावला. ते पलीकडून सांगत होते, "पोटावर कडेला चिमूट धरा, ताई. रोज जागा बदला. आणि तुम्ही रडू नका, तुम्ही रडलात की पोरगं रडतं." पुढे आम्हीही अनेकांना असेच फोनवरून शिकविले. औषध फ्रिजमध्ये ठेवावे लागते, पण बर्फाच्या कप्प्यात नव्हे. गोठले की वाया गेले. एका कुटुंबाकडे फ्रिज नव्हता. त्यांचे पेन दीड वर्ष आमच्या फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, दह्याच्या पातेल्याशेजारी होते. त्या घरची आजी रोज रात्री साडेआठला नातवाला घेऊन येई. चहा नको म्हणे, आणि मग घेई.

असे आमचे दहा-बारा कुटुंबांचे मंडळ जमले. त्याला नाव नाही, नोंदणी नाही, वर्गणी नाही. महिन्याच्या एका रविवारी कोणाच्या तरी घरी बसावयाचे. परदेशात असे फार पूर्वीपासून आहे. बिली बार्टी या बुटक्या नटाने १९५७ साली अमेरिकेतील रीनो शहरात आपल्यासारख्या वीसएक माणसांना जमवले. त्यातून त्यांची मोठी संघटना उभी राहिली. इंग्लंडमध्ये १९७७ पासून वाढ खुंटलेल्या मुलांच्या पालकांची संस्था आहे. हे आम्हांला नंतर समजले. आम्हांला बाकाने एकत्र आणले.

परंतु या मंडळातही आमची एक चूक झाली. बैठकीत प्रत्येक जण सेंटिमीटर सांगे. अमुकचा आठ वाढला, तमुकचा नऊ. एक ताई दोन बैठका गप्प बसून होत्या. त्यांच्या मुलाला अकाँड्रोप्लेझिया, म्हणजे धड नेहमीएवढे आणि हातपाय आखूड. तिसऱ्या बैठकीत त्या उठल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या पोरांना इंजेक्शन आहे. माझ्याला नाही. तुम्ही सेंटिमीटर मोजता तेव्हा मी काय मोजू?"

कोणालाच उत्तर देता आले नाही. असे मूल जन्मते, तेव्हा दहांपैकी आठ वेळा आईवडील दोघेही नेहमीच्या उंचीचे असतात. कारणीभूत असलेला जनुकातला बदल १९९४ मध्ये सापडला. तो आपोआप घडतो, त्यात आईचा काही दोष नसतो. तरी या ताईंना सासरी नऊ वर्षे ऐकावे लागले की, ग्रहणात तू काहीतरी चिरले असशील. आपण ग्रहण पाळणे सोडले असे म्हणतो. बाळंतिणीच्या खोलीत ते किती सुटले, हे बायकांना विचारावे.

त्यानंतर बैठकीचा विषयच पालटला. शाळेच्या बाकाखाली पाय टेकायला फळी कशी ठोकावी, संडासची कडी आणि दिव्याचे बटण खाली कसे घ्यावे, बसच्या उंच पायरीवर मुलाला न उचलता हात कसा द्यावा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बुटकेपणाचा स्वतंत्र समावेश झाला. प्रौढपणी १४७ सेंटिमीटर, म्हणजे चार फूट दहा इंच किंवा त्याहून कमी उंची, अशी त्याची व्याख्या आहे. प्रमाणपत्राचे फॉर्म भरणे हे काम बँकवाला म्हणून आमच्याकडे आले, आणि ते आम्ही आवडीने करतो. २०२१ च्या दुर्मिळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणात वाढीच्या संप्रेरकाची सिद्ध झालेली कमतरता आणि टर्नर सिंड्रोम यांचाही उल्लेख आहे. त्यासाठी ठरवून दिलेल्या केंद्रात नोंद करावी लागते, मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय त्यांपैकी एक. कागद पुष्कळ लागतात. कंटाळू नये.

त्या ताईंच्या मुलाला आम्ही एकदा लकुंटक भद्दियांची गोष्ट सांगितली. हे भिक्षू ठेंगणे होते. श्रामणेर त्यांचे केस आणि कान ओढून थट्टा करीत, भिक्षूही तुच्छतेने पाहत. भगवंतांनी त्या भिक्षूंना समज दिली, आणि मधुर आवाजाच्या शिष्यांत त्यांना अग्रस्थान दिले. मुलाने ऐकून घेतले आणि विचारले, "पण त्यांचे कान ओढणाऱ्यांना शिक्षा झाली का?" तो आता नववीत आहे. वर्गात त्याचे कान कोणी ओढीत नाही, कारण त्याने एकदा एकाचे ओढले.

आता जे सांगणे सर्वांत कठीण, ते. याच संस्थेच्या एका भगिनींच्या परवानगीने सांगत आहोत. नाव आणि आजार दोन्ही सांगत नाही. त्यांची मुलगी रविवारच्या वर्गाला येत असे. २०१६ साली ती अकरा वर्षांची, आणि आठ वर्षांच्या मुलींत मिसळून जाई. बाकावर बसून आमची नजर तयार झाली होती. पाहताच आमच्या मनात आले. घरी जाऊन आम्ही त्यावर बोललोही. बोलायचे कसे? आपल्याला कसे कळले, असे विचारले तर? मग आपल्या मुलाचे सांगावे लागेल. आम्ही गप्प राहिलो. त्या उंची वाढविण्याच्या जाहिरातीतली पावडर दुधातून देत राहिल्या. मुलगी चौदाची झाल्यावर निदान झाले. हाडांच्या टोकांशी वाढीच्या कूर्चा असतात, त्या वयात आल्यावर मिटतात. मग कितीही औषध दिले तरी उंची वाढत नाही. तिच्या हातून तीन वर्षे गेली होती.

त्याच गुरुवारच्या बाकावर आमची गाठ पडली. त्यांनी आमच्या मुलाकडे पाहिले, आमच्या हातातल्या जुन्या फायलीकडे पाहिले, फायलीवर २०१४ लिहिलेले होते. त्या म्हणाल्या, "ताई, तुम्हांला माहीत होतं?"

आम्ही हो म्हणालो. वर्षभर त्या आमच्याशी बोलल्या नाहीत, आणि ते योग्यच होते. आज त्या आमच्या मंडळात आहेत. नव्या पालकांना पहिला फोन त्याच करतात. आमच्याशी मात्र कामापुरते बोलतात.

आमचा मुलगा आता एकोणीस वर्षांचा आहे. उंची १६२ सेंटिमीटर, हिशेबाने १६६ यावयास हवी होती. या भाषणाला त्याची संमती घेतली. तो म्हणाला, "ॲलर्जी नव्हती, एवढं नक्की सांगा."

संस्थेकडे आमची एकच मागणी आहे. ग्रंथालयाच्या भिंतीवर उंची मोजण्याची पट्टी कायमची बसवावी. पट्टी आम्ही आणली आहे, भिंत सरळ आहे हे गवंड्याकडून पाहून घेतले आहे. वर्षातून दोनदा, १४ एप्रिलच्या आणि १४ ऑक्टोबरच्या जवळच्या रविवारी, सर्व मुलांची उंची आणि वजन एका वहीत लिहावे. वही उघड्यावर ठेवू नये, आकडे मोठ्याने वाचू नयेत. पहिली मोजणी येत्या रविवारी सकाळी दहा वाजता. मुलांना अनवाणी उभे करावयाचे आहे, आणि मुलींनी वेणी वर बांधू नये, पट्टी डोक्याला टेकत नाही. मोजायला त्या भगिनी बसणार आहेत. वही आम्ही लिहू.