नोंद आणि निर्णय
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा संख्याशास्त्रावर आम्ही बोलावे हे धाडसच होय. परंतु आयुष्यभर हजेरीपट भरल्यामुळे आकड्यांशी आमचा परिचय जुना आहे.

१९२६ साली ओरिसात ब्राह्मणी नदीस प्रलयंकारी पूर आला. गाळाने नदीचे पात्र उंचावले आहे, सबब काठचे बांध वाढवावेत, असे अभियंत्यांच्या समितीने सुचविले. डोळ्यांना पटावे असेच ते अनुमान होते. पुढे हा प्रश्न प्रशांतचंद्र महालनोबिस ह्यांच्याकडे गेला. त्यांनी सुमारे ६० वर्षांच्या नोंदी तपासल्या, तो पात्र उंचावलेच नव्हते! वरच्या खोऱ्यात धरणे बांधून जादा पाणी अडवावे, हा खरा उपाय ठरला. नोंदी पूर्वीही होत्याच. त्या एकत्र मांडून पाहिल्या गेल्या नव्हत्या.

त्याच प्रांतात १९९९ च्या चक्रीवादळात सुमारे १० हजार माणसे दगावली. २०१३ साली ‘फायलिन’ वादळ आले, तेव्हा त्याचा मार्ग आधीच वर्तविला गेला आणि सुमारे १० लाख लोकांस वेळीच हलविण्यात आले. मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. मात्र नुसत्या भाकिताने कोणी वाचले नाही. निवारे बांधलेले होते आणि दारोदार जाऊन सांगणारी माणसे होती.

आता आमचा अपराध सांगतो. दिवाळीनंतर नववीतील काही मुले-मुली शाळेतून कायमची नाहीशी होत. आम्ही हळहळत असू आणि नाव कमी करीत असू. निवृत्तीच्या वर्षी जुने हजेरीपट सहज चाळावयास घेतले, तेव्हा दिसले की गळालेल्यांपैकी बहुतेकांची हजेरी जुलैपासूनच तुटक झाली होती. चार महिने आधी कागद बोलत होता, आणि तो लिहिणारे आम्हीच बहिरे!

आपली शिष्यवृत्ती समिती केवळ गुण पाहते. ज्यांस मदत मिळाली त्यांची नावे अहवालात येतात. ज्यांनी पुन्हा अर्जच केला नाही, त्यांची नोंद कोठेच नसते. ती ठेवावी, अशी आमची सूचना आहे. कोणी म्हणेल, गळण्याचा संभव असलेल्या मुलावर पैसा का घालवा? असा उपयोग होणार असेल, तर ती वही आजच जाळलेली बरी. संभव दिसला की समितीने त्या घरी जावयाचे, एवढ्यासाठीच ती आहे. हिशेब संगणकावर ठेवा अथवा कागदावर; घरी मात्र पायींच जावे लागेल.

वही आम्ही सोबत आणली आहे. गेल्या वर्षी अर्ज केलेल्या, पण यंदा न केलेल्या पाच मुलांची नावे पहिल्या पानावर आहेत. त्यांच्या घरचा ठावठिकाणा ज्यांस ठाऊक असेल, त्यांनी भोजनापूर्वी आम्हांस भेटावे.