जामीन कोण राहणार?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



गुन्हेगारांविषयी बोलताना मणिकर्णिका घाटाचे नाव निघालेले ऐकून आपणांपैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. अहिल्याबाई होळकरांनी ज्याचा जीर्णोद्धार केला, तो घाट आपणां मराठी माणसांना परमुलखातही घरचा वाटतो. तेथे चोरांचा विषय कशाला? पण त्या घाटावरची रीत आठवा. चिता विझल्यावर क्रिया करणारा पाण्याचे मडके खांद्यावरून मागे टाकतो आणि वळून न पाहता निघून जातो. मृताचा हिशेब तेथे मिटतो. जिवंत माणसाचा मिटत नाही. गाव त्याच्याकडे पुनःपुन्हा वळून पाहत राहते. परिवीक्षा, म्हणजेच प्रोबेशन, ही व्यवस्था याच अडचणीसाठी निघाली.

समजा, नावांतून येणारी लाकडे घाटावर वाहणारा एकोणीस वर्षांचा एक मुलगा आहे. गाव शेकडो मैल दूर. एका यात्रेकरूचे गाठोडे पळवताना तो सापडतो. गुन्हा पहिलाच. तीन महिने तुरुंगात राहून तो काय शिकून येईल, हे सांगायला ज्योतिषी नको. १९५८ चा गुन्हेगार परिवीक्षा अधिनियम येथे आडवा येतो. जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात आरोपी एकवीस वर्षांखालील असेल, तर न्यायाधीशाने आधी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा, आणि तरीही कारावासच द्यायचा तर त्याची कारणे लिहून ठेवावीत, असे कलम ६ सांगते. कलम ४ प्रमाणे वयाने मोठ्या माणसालाही चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडता येते. बंधपत्र जास्तीत जास्त ३ वर्षांचे. सोबत देखरेख ठरली तर ती किमान १ वर्षाची. मुंबई प्रांताने आणि संयुक्त प्रांताने असे कायदे १९३८ सालीच केले होते, हेही सांगून ठेवतो.

हा अधिकारी पोलीस नव्हे. तो मुलाच्या घरी जातो, ज्याच्याकडे मुलगा काम करी त्याला भेटतो, मायबापांशी बोलतो आणि गोपनीय अहवाल लिहितो. सुटकेनंतर मुलाला काम मिळवून देण्याची खटपटही कायद्याने त्याच्याच माथी ठेवली आहे. निदान कागदावर तरी. उत्तर प्रदेशात जिल्हा परिवीक्षा अधिकारी महिला कल्याण विभागाच्या कक्षेत येतो. निराश्रित महिलांचे निवृत्तिवेतन, बालकांचे संरक्षण ही कामे त्याच्याच टेबलावर असतात. विधवांच्या या काशीत ते काम हलके लेखण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु त्याच माणसाने घाटावरच्या पोराचीही चौकशी करावी, ही अपेक्षा मला फार भाबडी वाटते.

विश्वास टाकल्याने माणूस सुधारतो, हे सिद्ध करण्यास आता परदेशी दाखले नकोत. औंध संस्थानात आटपाडीजवळ १९३९ साली स्वतंत्रपूरची मुक्त वसाहत निघाली. शिक्षा झालेले कैदी तेथे कुटुंबासह राहून शेती करू लागले. शांतारामबापूंच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’मुळे ती कल्पना देशभर पोचली. याच वाराणसीचे सुपुत्र संपूर्णानंद यांच्या पुढाकाराने १९५२ साली चंद्रप्रभा नदीवर कैद्यांचे खुले शिबिर भरले आणि त्यांनी तेथे धरणाचे काम केले. मात्र एक फरक ध्यानात घ्यावा. तेथे राहायला जागा आणि हाताला काम सरकारने दिले. परिवीक्षेत ते आधीच असावे लागते.

माझा मुद्दा येथेच आहे. बंधपत्रावर सोडण्यापूर्वी आरोपीला किंवा त्याच्या जामीनदाराला ठरलेले राहते ठिकाण अथवा नियमित व्यवसाय आहे, अशी न्यायालयाची खात्री व्हावी लागते. ज्याचे घर आहे, काका वकिलाकडे धाव घेतो, त्याला ही अट जाणवतही नाही. लाकडाच्या राशीशेजारी निजणाऱ्याचा पत्ता काय लिहावा? दयेचा कायदा नेमका जो अधिक एकटा, त्याच्या दाराशी अडतो. कारण त्याला दारच नसते.

पण कलमातला ‘किंवा’ विसरू नका. मुलाला ठिकाण नसेल, तर जामीनदाराचे चालते. आणि तो नातलगच असावा, असे कलम ४ म्हणत नाही. या व्यवस्थेची सुरुवातच मुळी परक्या माणसाने केली. १८४१ साली बोस्टनच्या न्यायालयात जॉन ऑगस्टस नावाचा एक चांभार एका अनोळखी दारुड्याला जामीन राहिला. १८५९ साली तो वारला तोवर सुमारे दोन हजार माणसांची हमी त्याने घेतली होती. ना पगार, ना हुद्दा.

आपले आजोबा-पणजोबा या मुलखात उतरले तेव्हा आधी आलेल्या कोणा मराठी बिऱ्हाडाने त्यांना ओसरी दिली, दुकानदाराकडे शब्द टाकला. त्या मुलाला असा शब्द टाकणारे कोणी नाही. वखारवाला, नाववाला, धर्मशाळेचा व्यवस्थापक, यांपैकी एकाने न्यायालयात उभे राहून सही केली, तर अधिकाऱ्याला दर आठवड्यास मुलाला भेटण्यासाठी निदान एक जागा मिळते, आणि मुलाला दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाता येते.