बाळाची वही
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी जेव्हा सांगितले की यंदा तुम्ही बोलावयाचे, तेव्हा मी म्हटले, "अहो, मी काय बोलणार? माझा सारा जन्म मुलुंडच्या दोन खोल्यांत मुले वाढवण्यात गेला." त्या म्हणाल्या, "मग त्यावरच बोला." म्हणून आज मी दोन जुन्या वह्या बरोबर आणल्या आहेत. एक माझ्या मुलीची, एक मुलाची.

मुलगी १९८४ साली झाली. ह्यांच्या कचेरीतून एक कोरी रोजनिशी घरी आली होती, तिच्यात मी सहज लिहू लागले. "आज पालथी पडली आणि स्वतःच घाबरली." "खुळखुळा नको, वाटी-चमचा हवा." "लोकलचा भोंगा वाजला की हातपाय नाचवते." रोज एखादी ओळ, फार नाही. सासूबाईंना हे मुळीच पसंत नव्हते. त्या म्हणाल्या, "लेकराचे असे लिहून ठेवू नये, दृष्ट लागते." मी म्हटले, "आई, बारसे, उष्टावण, जावळ, बोरनहाण, साऱ्यांचे दिवस तुमच्या ध्यानात असतात. मी तेच कागदावर ठेवते, इतकेच." त्या काही बोलल्या नाहीत. पण महिन्याभराने मी भाजी घेऊन परत आले तर दारातच म्हणाल्या, "आज हिने उंबरा ओलांडला. लिहून ठेव गं."

अशा वह्या थोरामोठ्यांनीही लिहिल्या आहेत. चार्ल्स डार्विन या शास्त्रज्ञाचा थोरला मुलगा १८३९ साली जन्मला. सातव्या दिवशी त्याच्या तळपायाला कागदाचा तुकडा लावला तर त्याने पाय झटकन मागे घेतला, अशा नोंदी त्या बापाने केल्या होत्या, आणि त्यांवरून १८७७ साली लेख लिहिला. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू केले आणि १९४५ मध्ये बोर्डीस जाऊन खेड्यातल्या मुलांसाठी काम उभारले. अनुताई वाघ या कामात त्यांच्या सहकारी होत्या. माँटेसोरीबाईंच्या ज्या विचारावर ताराबाईंचे काम उभे होते, त्यात शिकवण्याच्या आधी मुलाकडे नीट पाहावे याला मोठा मान आहे. आईने लिहिलेली वही म्हणजे दुसरे काय?

आता मुलाच्या वहीकडे वळते. तो १९८७ साली झाला. दुसऱ्या खेपेस हात कामात अधिक गुंतलेले, तरी लिहीत होते. अकराव्या महिन्यात लिहिले आहे, "कुकरची शिट्टी झाली की 'शू' म्हणून हसतो." पुढे, "बोहारणीची हाक आली की दाराकडे रांगत सुटतो." मग पावसाळा आला. सर्दी झाली, बरी झाली, पुन्हा झाली. दोन वर्षांचा होत आला तरी शब्द चार-पाचच. शेजारणी म्हणत, मुलगे उशिराच बोलतात. एका डॉक्टरांनीही तेच सांगितले आणि थांबा म्हणाले. मी थांबले.

एके दुपारी मी त्याची वही पहिल्यापासून वाचीत बसले. आरंभीच्या आवडी साऱ्या कानाच्या होत्या: शिट्टी, बोहारीण, कावळा, भोंगा. शेवटच्या पाच महिन्यांतल्या साऱ्या डोळ्यांच्या: फिरणारा पंखा, डब्याची झाकणे गरगर फिरवणे, चित्रांची पाने. कुकर तर रोज दोनदा वाजत होता. मग 'शू' कुठे गेले? मी उठले, त्याच्या पाठीमागे उभी राहिले आणि ताटली वाजवली. त्याने मान वळवली नाही.

मैत्रिणींनो, पाच महिने मी लिहीत होते, पण वाचीत नव्हते. ती चूक माझी, ती मी लपवीत नाही.

दुसऱ्याच आठवड्यात मुलाला कडेवर घेऊन दादरला गाडी बदलून आम्ही वांद्र्यास गेलो. तेथे श्रवणदोषांसाठी अली यावर जंग संस्था १९८३ साली निघाली होती. तपासणाऱ्या बाईंनी विचारले, "ऐकणे केव्हापासून कमी वाटते?" मी वही पुढे केली. त्यांनी ती सावकाश वाचली. दोन्ही कानांच्या पडद्यांमागे पाणी साचले होते. लहान मुलांत हे पुष्कळदा होते आणि बहुधा आपोआप ओसरते. ह्याचे ओसरले नाही. औषधाने भागले नाही तेव्हा लहानशी शस्त्रक्रिया करावी लागली. घरी आल्यावर कुकरची शिट्टी झाली आणि पोर दचकून रडू लागले. सासूबाईंनी त्याला उचलले आणि मला म्हणाल्या, "आधी लिही, मग त्याला घे." बोलणे भरून यायला पुढे वर्ष गेले. आज तो इतका बोलतो की सुनेची तक्रार असते.

आता काही जणी म्हणतील, हल्ली फोनमध्ये हजार फोटो असतात, वही कशाला? फोटोत हसू दिसते. कशाला हसला ते दिसत नाही. बऱ्याच इस्पितळांत आता जन्मतःच कान तपासतात, तेही उत्तम. पण माझ्या मुलाचे ऐकणे पुढे कमी झाले होते. सरकारी माता-बाल संरक्षण कार्डातही वाढीच्या पायऱ्या दिलेल्या असतात, ते पेटीत ठेवून देऊ नका.

लिहिण्याची रीत सोपी आहे. आधी तारीख. मग मूल काय करते ते. आपल्याला काय वाटते ते नंतर. काय आवडते, काय आवडेनासे झाले, दोन्ही. महिन्यातून एकदा मागची पाने वाचा. आणि शेजारच्या मुलाशी तुलना करू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, जिच्यात आपल्या देशातली मुलेही होती, निरोगी मुले सुमारे आठव्यापासून अठराव्या महिन्यापर्यंत केव्हाही एकटी चालू लागलेली आढळली. काही तर गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. म्हणून उशीर दिसला की घाबरू नये. पण येत असलेली गोष्ट मुलाने सोडली, तर थांबू नये, आणि कोणी "थांबा" म्हटले तरी एकवार आणखी विचारावे.

ह्या दोन वह्या आज टेबलावर ठेवते. ज्यांच्या घरी तान्हे मूल आहे त्यांनी चाळून पाहाव्यात, आणि परत मात्र कराव्यात, कारण नातीची वही मला त्यांच्याशेजारी ठेवावयाची आहे.